तलवारीशी लागलेले लग्न आणि माझी इतर मिळकत

मी, मानसिंगराव यशवंतराव भोईटे, वय वर्षे एकोणऐंशी, पाटबंधारे खात्यातील निवृत्त ओव्हरसियर, राहणार कंपू, लष्कर, ग्वाल्हेर, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे हे या कागदावर लिहून ठेवीत आहे. मला कुणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, आणि खायला घालूनही माझ्याकडून काही लिहून घेतलेले नाही. शेजारच्या डॉ. अपर्णा यांनी माझी बुद्धी तपासली. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाल्या. मी एकोणऐंशीवर येऊन थांबलो, कारण ते माझेच वय निघाले. त्यांनी दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. बुद्धी शाबूत आहे. उणीव धैर्याची होती, आणि तिचा दाखला डॉक्टर देत नाहीत.

हा मजकूर मी सांगत गेलो आणि माझे वकील गुरुप्रसाद यांनी टंकला. मधूनमधून ते थांबायचे आणि म्हणायचे, "काका, मृत्युपत्रात इतकं नसतं लिहायचं." मी म्हणालो, "तू टंक." कचेरीसाठी ते याची हिंदी प्रत करतील. दोन्हींत फरक पडला तर मराठी खरी धरावी. हिंदीत मला भांडता उत्तम येते, पण कबुली देण्यासाठी मला मराठीच लागते.

२०१२ साली केलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. ते दीड पानाचे होते आणि त्यात खोटे असे काही नव्हते. खरेही काही नव्हते.

कलम १. घर. कंपूतील दुमजली घर माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ते १९७९ साली माझ्या देखरेखीखाली बांधले गेले. जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटे उंच आहे आणि आजवर तिने सहा पाहुणे पाडले आहेत. बांधणारा स्वतः ओव्हरसियर होता हे घर बघायला येणाऱ्यांना सांगू नये.

तळमजला आणि अंगण माझे थोरले बंधू कै. दौलतसिंह यांच्या पत्नी श्रीमती शांताताई भोईटे, ज्यांना मी साठ वर्षे वहिनीसाहेब म्हणत आलो, यांना पूर्ण मालकीने द्यावे. गुरुप्रसादने सवयीने "हयातीत राहण्याचा हक्क" असे टंकले होते. ते मी खोडायला लावले. माझ्या वडिलांनी त्यांच्या मृत्युपत्रात "दौलतच्या विधवेस हयातीत एक खोली व अन्नवस्त्र" असे सांगितले होते आणि ते सुवाच्य अक्षरात मीच उतरवून दिले होते. वहिनीसाहेब तेव्हा चहा घेऊन आत आल्या होत्या. कप ठेवायला जागा हवी म्हणून मी तो कागद जरा बाजूला सरकवला. त्या ओळीत मला तेव्हा काही खटकले नाही, हे इथे नमूद करतो.

वहिनीसाहेबांनी पुढे हा तळमजला कुणालाही द्यावा, विकावा किंवा कुलूप लावून देवासला माहेरी जावे. कुणी कारण विचारू नये.

वरचा मजला माझा मुलगा संग्रामसिंह, राहणार पुणे, याला द्यावा. त्याने तो कोचिंग क्लासला भाड्याने देऊ नये. पुण्यात राहून तो आम्हाला आमचे मराठी सुधारायला सांगतो, त्याबद्दल त्याला मी क्षमा करतो. "पाणी गिरतंय" असे मी म्हणालो की तो फोनवर दोन सेकंद गप्प होतो. त्याने असे करू नये. पाऊस तेवढाच पडतो.

कलम २. बँकेत जे निघेल ते संग्रामसिंह आणि माझा पुतण्या, म्हणजे वहिनीसाहेबांचा मुलगा दिग्विजयसिंह, यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. यावर अधिक बोलण्यासारखे काही नाही.

कलम ३. कपडे. माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत पुढील वस्तू आहेत: वडिलांची लाल शिंदेशाही पगडी एक, अचकन एक, बटणे गेलेली, १९६५ ची नॅरो पँट एक, मागून शिवलेली, १९७४ ची बेलबॉटम एक, जिच्या पायांत आज दोन मुले झोपू शकतील, सफारी सूट दोन, एक चॉकलेटी आणि एक त्याहून वाईट.

पगडी दिग्विजयची मुलगी उन्नती हिच्या होणाऱ्या नवऱ्याला, चिरंजीव अंशुल यांना द्यावी. अंशुल दाल बाजारातल्या व्यापाऱ्याचे चिरंजीव आहेत. मराठी येत नाही, पण नमस्कार वाकून करतात. मागच्या महिन्यात ते पगडी मागायला आले. म्हणाले, "दादाजी, प्री-वेडिंग शूट है किले पर, थोड़ा रॉयल लुक चाहिए." मी दिली. मग फोटो दाखवले. एका फोटोत उन्नतीने पगडी घातली होती आणि अंशुल खाली बसून तिच्या चपलेचा पट्टा लावत होते. आमच्या वडिलांनी हा फोटो पाहिला असता तर त्यांच्या मृत्युपत्राची गरज तिथल्या तिथे पडली असती. मला मात्र तो आवडला. दोनदा पाहिला.

नव्या पिढीच्या माहितीसाठी लिहितो. माझी पत्नी कै. विमल हिला मी लग्नाआधी पाहिले ते तिच्या आतेभावाच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत. तिसरी रांग, डोक्यावरून पदर, पुढे एका मामांचा फेटा. त्या फेट्याच्या बाजूने नाकाचा शेंडा दिसत होता. मी त्या नाकाला होकार दिला. उरलेली विमल मला लग्नानंतर चौथ्या दिवशी दिसली, तीही दिवे गेले होते म्हणून कंदील घेऊन ती जवळ आली तेव्हा. संसार अडतीस वर्षे झाला आणि बरा झाला. फोटो कमी काढल्यामुळे झाला असे माझे म्हणणे नाही.

कलम ४. तलवारी. घरात तीन तलवारी आहेत. आमच्या घराण्यात मुलगा सोळा वर्षांचा झाला की दसऱ्याच्या शस्त्रपूजेत त्याला त्याची तलवार मिळे. हल्ली त्या वयात मोटरसायकल मिळते आणि ती जास्त धारदार असते. एक तलवार वडिलांची, दुसरी दौलतदादांची, तिसरी माझी. तिघींच्या मुठी सारख्याच आहेत आणि प्रत्येकीला तिच्या मालकाचे नाव टाचलेले कापडी वेष्टन आहे. कुठली कुणाला द्यायची हे सांगण्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती साठ वर्षे मी कुणाला सांगितलेली नाही.

१९६५ च्या मे महिन्यात दौलतदादांचे लग्न देवासच्या शांताताईंशी ठरले होते. दादा फौजेत होते. ऐन वेळी कच्छच्या सीमेवर गडबड सुरू झाली आणि त्यांची रजा रद्द झाली. इकडे नवरीचे आजोबा अंथरुणाला खिळलेले. ते गेले असते तर वर्षभर लग्न नाही. तेव्हा वडिलांनी जुनी रीत काढली: नवरदेव मोहिमेवर असेल तर त्याची तलवार पाटावर ठेवावी, मुठीवर पगडी चढवावी आणि तिच्याशी नवरीचे लग्न लावावे. देवासच्या आजोबांनी निरोप पाठवून विचारले, असले लग्न धरले जाते का? वडिलांनी उत्तर लिहिले, "आमच्या घराण्यात ज्याची तलवार त्याची नवरी. यात कधी वाद झालेला नाही."

दादांची तलवार घेऊन देवासला जायचे काम एकोणीस वर्षांच्या माझ्यावर आले. अडचण अशी होती की दादांची तलवार घरात नव्हती. ती मी कॉलेजच्या गॅदरिंगला ऐतिहासिक नाटकासाठी नेली होती. माझ्यासमोर गनिमाच्या भूमिकेत माझे मित्र विश्वासराव होते. ठरल्याप्रमाणे त्यांनी मरायचे होते. प्रेक्षकांत मुलींची रांग पाहून ते मरेनात. तिसऱ्या वाराला तलवारीचे टोक तुटून पेटीवाल्याच्या मांडीवर पडले. विश्वासराव आजही म्हणतात की तिला आधीच तडा होता. तलवार आमच्या लष्कर भागातल्या एका सिकलगराकडे दुरुस्तीला होती आणि तो स्वतःच्या पोरीच्या लग्नाला गावी गेला होता.

वडिलांना सांगण्याची माझी छाती झाली नाही. मी माझी तलवार काढली आणि दादांच्या वेष्टनात घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे स्वतःला समजावले.

देवासला मी नवी नॅरो पँट घालून गेलो होतो. तेव्हा ती फॅशन होती. ती पँट घालायला पाच मिनिटे लागत आणि घातल्यावर खाली बसता येत नसे. धाकटा दीर म्हणून तलवार उभी धरून पाटाशेजारी मांडी घालायचे काम माझे आहे, हे मला तिथे गेल्यावर कळले. मंगलाष्टके सुरू झाली आणि दुसऱ्या कडव्याला पँट मागून उसवली. आवाज सगळ्यांनी ऐकला. अंतरपाटाच्या पलीकडे नवरीचा हार थरथरू लागला. रडतेय बिचारी, असे तिच्या आत्याला वाटले. वहिनीसाहेबांनी नंतर सांगितले की त्या हसत होत्या, आणि म्यानच फाटले असे त्यांना वाटले होते.

सप्तपदीला तलवार दोन्ही हातांत धरून मी पुढे आणि नवरी मागे. पाठ भिंतीकडे ठेवायची असल्यामुळे ती सात पावले मी खेकड्यासारखी आडवी चाललो. संकल्पात नाव दादांचे घेतले गेले. तलवार माझी होती.

परतीच्या गाडीत वहिनीसाहेब खिडकीशी बसल्या होत्या. वय अठरा. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "भाऊजी, तुमचे दादा दिसायला कसे आहेत?" मी वरच्या फळीवरच्या वेष्टनाकडे पाहून म्हणालो, "तलवारीपेक्षा बरे आहेत." आमच्या दोघांमधले ते पहिले बोलणे.

कलम ५. दादा आषाढात घरी आले. वडिलांच्या मते पुन्हा विधी करण्याची गरज नव्हती. सत्यनारायण झाला आणि विषय संपला. दुरुस्त झालेली त्यांची तलवार तोवर त्यांच्या वेष्टनात परत गेली होती आणि माझी माझ्या. दादांना मी हे सांगणार होतो. पण ते इतके खूश होते की मी उद्यावर टाकले, आणि उद्या कधी उजाडला नाही.

त्या काळी आमच्या लष्कर भागात नवरा-बायको बाहेर पडले तर बायको पाच पावले मागे चाले. ओळखीचे कुणी भेटले तर नवरा थांबे आणि बायको दुकानातल्या बरण्या बघे. दादा पहिल्याच रविवारी वहिनीसाहेबांना घेऊन महाराज बाड्यावर, भर बाजारचौकात, गेले, बरोबरीने चालत. ऊन होते म्हणून छत्री तिच्या डोक्यावर धरली, स्वतः उन्हात. वहिनीसाहेबांनी पोपटी नायलॉनची साडी नेसली होती, डोक्यावर पदर नव्हता, आणि डोळ्यांवर दादांनी आणलेला काळा गॉगल होता. ती दोघे घरी यायच्या आत तीन माणसे येऊन वडिलांना सांगून गेली. वडील त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दादा दोन वाट्या बासुंदी प्यायले. त्या दिवसाइतके आमचे घर मी पुन्हा कधी हसते पाहिले नाही.

डिसेंबर १९७१ च्या लढाईत दादा सीमेवर कामी आले. दिग्विजय तीन वर्षांचा होता, वहिनीसाहेब चोवीस वर्षांच्या.

दहाव्या दिवशी घरातल्या बायकांनी त्यांना मधल्या खोलीत बसवले. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसले. मी दारात उभा होतो. माझ्या डोक्यात एखाद्या वकिलासारखा सगळा युक्तिवाद तयार होता: वडिलांचाच नियम आहे की ज्याची तलवार त्याची नवरी, तलवार माझी, मी जिवंत आहे, दारात उभा आहे, तेव्हा या बांगड्या कुणाला फोडता येत नाहीत. एकेक मुद्दा मनात लावून पाहिला. सगळे बरोबर बसत होते. आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलो. लोक म्हणतील याचा वहिनीवर डोळा होता, ही भीती होती.

गुरुप्रसादने पुढचे वाक्य घालू नका म्हणून हात जोडले, तरी लिहितो. ती भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. देवासच्या गाडीपासून माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदराहून थोडे जास्त काही होते. मी वागण्यात कधी पाऊल चुकू दिले नाही. पण चोर होतो म्हणून गप्प बसलो, आणि त्याची शिक्षा त्यांना झाली.

ती पोपटी साडी १९७३ मध्ये माझ्या लग्नात विमलला दिली गेली. "आता शांताला काय उपयोग," असे आई म्हणाली. विमल ती नेसून माझ्याबरोबर बाड्यावर आली. मी पाच पावले पुढे चाललो.

कलम ६. हळदीकुंकवाचा चांदीचा करंडा, अत्तरदाणी आणि गुलाबदाणी हे सर्व वहिनीसाहेबांना द्यावे. कारण लिहितो. दर संक्रांतीला आमच्याकडे साठ-सत्तर बायका येत. तिळगुळाच्या पुड्या वहिनीसाहेब बांधत. वाणाच्या वस्तू त्या निवडून आणत. प्लॅस्टिकचे डबे नकोत, स्टीलच्या वाट्या द्या, हे त्यांचेच. करंडा त्याच घासत. चार वाजले की पहिली बाई यायच्या आत त्या उठून मागच्या खोलीत जात. दाराला कडी लावत नसत, नुसते लोटून घेत. सात वाजता बाहेर येऊन बशा आवरत. आधी आई, मग विमल, मग दिग्विजयची बायको सीमंतिनी, कुंकू लावणारे हात बदलले. बशा आवरणारे बदलले नाहीत. चोपन्न संक्रांती मी पुढच्या खोलीत आरामखुर्चीत होतो. विमलला मी एकदाही म्हणालो नाही की त्यांनाही बोलाव. विमल वाईट नव्हती. मी सांगितले असते तर कुरकुर करून तिने ऐकले असते. हा दोष तिच्या माथी कुणी मारू नये, तो माझ्या वाट्याचा आहे.

कलम ७. तलवारींची वाटणी. वडिलांची तलवार संग्रामसिंहला द्यावी. दादांची, टोक जोडलेली, दिग्विजयला द्यावी. माझी तलवार वहिनीसाहेबांना द्यावी. त्यांनी तिचे काय करायचे ते करावे. भंगारात दिली तरी चालेल. विश्वासरावांना कुठलीही धारदार वस्तू देऊ नये.

कलम ८. हे मृत्युपत्र करण्याचे निमित्त. उन्नतीचे लग्न २९ नोव्हेंबरला आहे आणि आदल्या दिवशी हळद आहे. दिवाळीनंतर ती माझ्या खोलीत आली. म्हणाली, "आबा, मम्मी बोल रही है की रीतीप्रमाणे पहिली हळद सुवासिनीनेच लावायची. पण मला आजीच पाहिजे. तुम्ही सांगून द्या ना सबको."

मी म्हणालो, "बेटा, ते बायकांचं खातं."

"बायका म्हणतात, आबांना विचार. आप बड़े हो."

मी वर्तमानपत्राचे पान उलटले. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. ते पान शेअर बाजाराचे होते. माझ्याकडे एकही शेअर नाही.

त्या दिवशी मला उमजले की मी अजून त्याच दारात उभा आहे. म्हणून मी गुरुप्रसादला बोलावले आणि पुढील आज्ञा लिहायला सांगितली: या घरातील प्रत्येक मंगलकार्यात पहिला मान वहिनीसाहेबांचा राहील, जो हरकत घेईल त्याचा माझ्या मिळकतीतील हिस्सा रद्द होईल.

गुरुप्रसादने टंकणे थांबवले. "काका, लग्न एकोणतीसला आहे. मृत्युपत्र लागू होतं माणूस गेल्यावर. आणि तेवढ्यात तुम्ही गेलात, तर सुतकामुळे लग्नच पुढे जाईल."

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आज्ञा तरीही राहू द्यावी.

कलम ९. (येथून पुढे टंकलेले नाही. माझ्या हातचे आहे. अक्षर बिघडले आहे, त्याबद्दल कचेरीने राग मानू नये.)

२६ नोव्हेंबरला दुपारी मी वरील आठ कलमे वहिनीसाहेबांना स्वयंपाकघरात वाचून दाखवली. त्या मटार सोलत होत्या. कलम पाचमधले एक वाक्य मी वाचताना गाळले. ते कुठले, हे सांगायला नको.

तलवारीची अदलाबदल ऐकून त्या हसू लागल्या. हातातल्या शेंगा खाली ठेवून, डोळ्यांना पदर लावून हसल्या. "म्हणजे ती तुमची होती? आणि मी दर दसऱ्याला त्यांच्या तलवारीला हळदकुंकू वाहायचे, 'तुझ्यामुळे मिळाले हो' म्हणायचे." पुन्हा हसल्या. मलाही हसू आले. साठ वर्षांचे ओझे उतरले असे वाटले.

मग त्यांनी शेंगा पुन्हा हातात घेतल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तलवार कुणाची का असेना. बांगड्या फोडत होते तेव्हा तुम्ही दारात होतात. 'राहू द्या' म्हणायला तलवार कशाला लागते?"

मी खाली पडलेली एक शेंग उचलून भांड्यात टाकली.

"आणि हे सगळं तुम्ही मेल्यावर वाचायचं. मेलेल्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही, म्हणून ती वेळ निवडलीत. हे वरातीमागून घोडं मला नको. तळमजला द्यायचा तर द्या, नाही तर नका देऊ. शुक्रवारी हळद आहे. बोलायचं तर तेव्हा बोला."

मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते मी नंतर बघेन," आणि मटाराचे भांडे घेऊन ओट्याकडे वळल्या.

शुक्रवारी, २८ तारखेला, मॅरेज गार्डनमध्ये हळद झाली. हल्ली हळदीला सगळ्यांनी पिवळे घालायचे असते. मलाही पिवळा कुर्ता चढवला होता. नवरा-नवरी शेजारीशेजारी बसून एकमेकांच्या नाकाला हळद लावत होती. आमच्या वेळी यावर पंचायत बसली असती. वहिनीसाहेब शेवटच्या रांगेत होत्या, फिक्या जांभळ्या साडीत. साठ-सत्तर बायका. सीमंतिनीच्या आत्याने हळदीची वाटी उचलली.

माझ्या खिशात एक कागद होता. हरकत घेणाऱ्यांसाठी त्यावर पाच मुद्दे लिहिले होते. शास्त्राचे दोन, कायद्याचा एक, तलवारीची हकीकत, आणि शेवटी मिळकतीतून वगळण्याची धमकी.

मी उठलो आणि म्हणालो, "पहिली हळद वहिनीसाहेब लावतील." गाणे इतक्या मोठ्याने चालू होते की कुणाला ऐकू गेले नाही. अंशुलने माझे ओठ हललेले पाहिले आणि हात वर करून म्हणाला, "भैया, बंद करो एक मिनट, दादाजी कुछ बोल रहे हैं." गाणे थांबले. मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो. खिशातल्या कागदावर हात ठेवला.

आत्या म्हणाल्या, "मग या ना शांताताई, हळद सुकतेय," आणि वाटी पुढे केली. कुणीतरी खुर्च्या सरकवून वाट करून दिली. सीमंतिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आबा, मी लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही बोलायची वाट बघत होते. मीच आपणहून बोलले असते तर तुमचा अपमान झाला असता."

कुणीही हरकत घेतली नाही. कागद खिशातच राहिला. वहिनीसाहेबांनी उन्नतीच्या दोन्ही गालांना हळद लावली. मग उन्नतीने आपल्या हाताची हळद त्यांच्या गालांना लावली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. गाणे पुन्हा सुरू झाले.

रात्री घरी येताना गाडीत वहिनीसाहेब शेजारी बसल्या होत्या. गालावरची हळद त्यांनी पुसली नव्हती. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बोलायला उठलात तेव्हा मी समोरच्या घड्याळाकडे बघत होते. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही."

माफीबद्दल त्या त्यानंतर काही बोललेल्या नाहीत, आणि मी विचारलेले नाही. माझ्या पश्चात कुणी माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलायला उठले, तर बोलण्याआधी त्यांना हे कलम वाचायला द्यावे.

वरील सर्व मजकूर मी वाचला. कलम एक ते आठ माझ्या सांगण्यावरून टंकले गेले, कलम नऊ मी स्वतः लिहिले. खाली दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

लिहून देणार: (सही) मानसिंगराव यशवंतराव भोईटे

साक्षीदार, ज्यांनी सही होताना पाहिली आणि एकमेकांसमक्ष आपापली सही केली:

१. (सही) विश्वासराव गणपतराव काटकर, लष्कर, ग्वाल्हेर
२. (सही) डॉ. अपर्णा वैशंपायन, कंपू, ग्वाल्हेर

ठिकाण: कंपू, लष्कर, ग्वाल्हेर
दिनांक: २ डिसेंबर २०२५, मंगळवार